चार घरं

साकोलीहून आलेली जीप तलावाच्या पाळीवर थांबली,
मॅडमनी माझी फाईल वलथरेबाईंकडे दिली.
बाईंचे हात ओले. फाईल उघडली नाही,
तांदळाच्या डब्यावर ठेवली, म्हणाल्या,
"जेवला का रे?"

फाईलीत काय आहे ते मला पाठ होतं,
बाकीच्यांना पाढे असतात तसं :
आक्रमक. पळून जातो. काचा फोडतो.

या घरात काचाच नव्हत्या.
कुडाच्या भिंती, सहा पोट्टे, सहा पितळी थाळ्या,
थाळीमागे खिळ्यानं कोरलेली नावं.
माझी कोरी.
"राहाशीन त कोरू," गोमाजीकाका म्हणाले,
"आताच कायले थाळी खराब करतं?"

तिसऱ्या दिवशी मला सदारामजवळ बसवलं.
सदाराम बावीसचा, जीभ जड,
चारच्या पुढे मोजता येत नाही.
मी हसलो.
तोही हसला, माझ्याहून जास्त वेळ.
मग नायलॉनचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून
बांबूची सुई माझ्या मुठीत खोचली
आणि मला, दहावी नापासाला,
जाळं शिकवायला बसला.

भोकाला तो घर म्हणतो.
एक घर, दोन घर, तीन घर, चार घर,
मग पुन्हा एक.
असं करत भिंतीवरचं त्याचं जाळं बारा हात झालेलं.

माझी गाठ सरकायची.
तो दातानं सोडवायचा, दोरा परत माझ्या हातात.
एकदा डोकं फिरलं,
ब्लेडनं सगळं कापलं. त्याचंसुद्धा.
रात्रभर जीपच्या आवाजाकडे कान लावून पडलो.
सकाळी जीप नाही, सदाराम.
तुटलेली दोन टोकं माझ्या नाकासमोर धरून म्हणतो,
"हितं. एक."

तरी दोनदा पळालो.
एकदा लाखनीपर्यंत,
एकदा नुसताच पाळीपर्यंत,
कारण मागे वळलो तर हा येतोय,
सुई हातात, चप्पल उलटी, धापा टाकत.
याला परत कोण सोडेल? मलाच यावं लागलं.

काल डोंग्यातून आमचं जाळं टाकलं.
मूठभर झिंगे, दोन शिंगूर,
आणि एक मरळ, हाताएवढी, वर येता येता
माझ्याच गाठीतून निसटून गेली.
काकांनी शिवी हासडली.
सदारामनं टाळ्या वाजवल्या,
माझ्यासाठी की मरळीसाठी, विचारलं नाही.

थाळी अजून कोरीच आहे.
खिळा कुठे ठेवतात
ते मात्र मला ठाऊक आहे.