एकच मूळ, दोनदा

अवयव पाडणं तिला शिकवावं लागलं नाही.
बावीस वर्षं क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
चौथ्या पट्ट्यावर उभी आहे ओलुवा.
कॉड समोर आला की आधी बोटानं चाचपते
काटा कुठून वळलाय ते,
मगच सुरी.
पंधराव्या वर्षी, सुट्टीतल्या कामाला गेलो तेव्हा
मी घाईनं कापला होता, मासाही, अंगठाही.
तिनं चिंधी बांधली आणि म्हणाली,
"जोर लागतोय म्हणजे जागा चुकलीय."

आता मंगळवारी संध्याकाळी
मी फळ्यापाशी, ती तिसऱ्या बाकावर.
बाहेर साडेतीनलाच अंधारलेलं,
हीटरवर तिचे हातमोजे वाळतायत,
वर्गभर मीठ आणि ओल्या लोकरीचा वास.
बोटीवरच्या अधिकाऱ्याचा दाखला हवाय तिला.
वय चव्वेचाळीस.
बीजगणित शेवटचं केव्हा केलंत, असं अर्जात विचारलं होतं.
तिनं लिहिलं: त्यानंच मला केलं होतं, वर्गाबाहेर.

फळ्यावर मी एक बहुपदी मांडतो:
क्ष चा घन, वजा तीन क्ष, वजा दोन.
ती लगेच पेन उचलत नाही.
बोट फिरवते पदांवरून.
एक घालून पाहते. उरतात वजा चार.
"इथं हाड आहे," पुटपुटते.
दोन घालते. आठ, त्यातून सहा, त्यातून दोन.
काही उरत नाही.
सुरी आत जाते.
क्ष वजा दोन एका बाजूला पडतो,
दुसरीकडे क्ष वर्ग, अधिक दोन क्ष, अधिक एक,
तोही सहज दुभंगतो,
आणि ती थबकते.
क्ष अधिक एक. परत क्ष अधिक एक.
"चुकले. तोच तुकडा दोनदा आलाय."

चुकली नाहीस, म्हणतो मी. आता आलेख काढ.

क्ष-अक्षाला ती पट्टी लावत नाही,
हातानंच ओढते, किंचित हलती रेघ.
वजा एकवर टिंब, दोनवर टिंब.
डावीकडच्या तळातून वक्र वर येतो,
वजा एकला पोचतो, आणि
तिचा हात पाणी फोडून सरळ वर.
मूळ आहे म्हणजे ओलांडणारच ना?

तपास. थोडं अलीकडे, थोडं पलीकडे.
वजा दीड: पाण्याखाली.
वजा अर्धा: पाण्याखाली.
दोन्हीकडे पाण्याखाली, मधे नेमका पृष्ठभाग.
ती खोडरबर घेते. कागद फाटेल इतकं खोडते.

"म्हणजे येतो, टेकतो, आणि परत जातो."
हो.
"श्वासापुरता."
पुस्तकात याला एक लांबलचक नाव आहे.
मी ते त्या दिवशी सांगितलं नाही.

मग वक्र खाली, एकपाशी, चार वाव खोल,
तिथून वळून दोनला एकदाचा बाहेर,
आणि पुढे नुसता वर, कागदाबाहेर,
अडवायला कुणी नाही.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही.
ट्रॉलर लागला होता धक्क्याला, दुहेरी पाळी.
बाकीच्यांना मी क्ष वर्ग अधिक एक शिकवला,
जो पाण्याला शिवतच नाही,
कड्यावर बसून राहतो.
कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

घरी आलो तर दाराच्या कडीला पिशवी.
बर्फात हॅडॉकचे दोन तुकडे, एकही काटा नसलेले,
आणि पॅकिंगच्या पावतीमागे, पेट्यांवर खुणा करायच्या
जाड निळ्या पेन्सिलीनं,
तोच आलेख. आकडे नाहीत.
अक्षाच्या जागी लाट.
वजा एकपाशी, जिथं वक्र पाण्याला टेकतो,
तिथं टिंब एक नव्हतं.
दोन होती, अगदी शेजारीशेजारी,
वर आलेल्या सीलच्या नाकपुड्यांसारखी.