वाळूतला दहा

शिरोलीच्या फौंड्रीत तीन दिवस नवी लाईन बंद.
मी दुभाषी, रोजावर.
माझी चिनी पुण्यात शिकलेली,
पुस्तकातली, इस्त्री केलेली.

लियांग म्हणाला, बोल्ट इतके आवळा.
मला ऐकू आलं चार.
सुन म्हणाला, छे, दहा.
सुन हार्बिनचा, बर्फातला. लियांग पार दक्षिणेचा,
त्याच्या जिभेवर स आणि श एकाच ताटात जेवतात.
आणि मी
चार आणि दहाच्या मध्ये घामाघूम.

नदाफ मिस्त्री म्हणाले,
"पोरी, ह्येंचं ह्येंनाच कळंना व्हय?"

मग सुन खाली बसला.
साच्याच्या काळ्या वाळूत बोटानं
एक आडवी रेघ, तिच्यावर एक उभी.
लियांगनं मान हलवली. दहा.
"अधिक?" नदाफ वाकून म्हणाले. "अधिक कशात?"
आधी कुणीच हसलं नाही, मग सगळेच.

जेवणाच्या सुट्टीत लियांगनं
आईचा मेसेज दाखवला.
निम्मी अक्षरं मला ओळखच देईनात,
लग्नात भेटलेल्या लांबच्या भावकीसारखी.
हे शाळेत लिहीत नाहीत, तो म्हणाला.
शाळेत लिहायचं ते कुणी बोलत नाही,
घरी बोलायचं ते कुणी लिहीत नाही.
फोन आला, आणि आई लिहायला लागली.
व्हिसावर मी लियांग. आई म्हणते लेऊंग.
अक्षर तेच.

मी एकावर बोट ठेवलं. हे काय?
त्यानं वाळूत आधी 'आहे' काढलं,
ते मला येत होतं.
मग त्याच्या पोटातल्या दोन आडव्या रेघा
करंगळीनं पुसल्या.
रिकामं पोट.
मोउ, तो म्हणाला.
न्हाई, मी म्हणाले.
"न्हाई," तो म्हणाला, अगदी उचगावच्या माणसासारखा.

माझ्या पुस्तकात 'ता' म्हणजे तो
आणि 'ता' म्हणजेच ती.
तोंडात एकच.
कागदावर मात्र त्याच्या डावीकडे माणूस उभा,
तिच्या डावीकडे बाई.
लियांगच्या आईकडे दोघांना मिळून एकच अक्षर.
मी ते बराच वेळ बघत बसले, डबा तसाच.

माझी आई. कोअर शॉपला तेवीस वर्षं.
अजून म्हणते, मी आलो, मी जेवलो, जातो आता.
आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात,
त्यात कुणी पुरुष होत नाही.
चौथीत मी निबंधात लिहिलं,
'मी आईबरोबर जोतिबाला गेलो.'
कुरणे बाईंनी लाल पेननं
फक्त काना खोडला.
लो चा ले झाला.
एक उभी रेघ गेली, आणि मी कागदावर मुलगी झाले.
मधल्या सुट्टीत त्याच कुरणे बाई
डबा उघडत शेजारच्या बाईंना म्हणत होत्या,
"भूक लागली गं, मी जेवून घेतो."

संध्याकाळी लाईन सुरू झाली.
पहिला साचा पुढं सरकला.
खाली वाळूत सकाळचा दहा होता,
कुणाच्या तरी बुटानं निम्मा पुसलेला,
नुसती आडवी रेघ उरलेली.
म्हणजे एक.
सुनला दाखवला. तो खूप हसला.

गेटवर उभी राहून आईला लिहिलं,
'काम झालं. मी आलोच.'
फोननं खालून सुचवलं : आलेच.
मी काना तसाच ठेवला.

आई कधी लिहीत नाही, बोलूनच पाठवते.
आज बराच वेळ नुसते तीन ठिपके हलत राहिले.
मग आलं :

'भाकरी हाय. भाजी न्हाई.
येताना आण.'