कारणाचा रकाना

रजिस्टरात सहा रकाने आहेत.
तारीख. पिंजरा. खाद्याची पोती.
पाण्याचं तापमान. मेलेले.
शेवटचा अरुंद, त्यात लिहायचं : कारण.

पहिल्या वर्षी मी तो कोराच ठेवायची.
मासा मेला तर मेला, त्याला कसलं कारण.
मग लुसाकाहून बँकेचा माणूस आला,
बुटांतलं पाणी झटकत म्हणाला, बाई,
कारण नसलेलं मरण आम्ही हिशेबात धरत नाही.

करिबाच्या पाण्यावर आमचे सात पिंजरे.
काळ्या पाइपांची कडी, खाली जाळीची पिशवी,
आत करंगळीएवढी पिल्लं सोडायची, सगळे नर.
माद्या नकोत; त्या अंडी घालत बसतात,
खाल्लेलं अंगी लागत नाही,
असं प्रशिक्षणात सांगितलं.
आम्ही अकराजणी एकमेकींकडे बघत राहिलो.
बिना लुबोनो एवढंच म्हणाली,
"हे आमच्या नवऱ्यांच्या कानावर घालू नका."

सासरे, म्हातारे मुन्साका, काठावरून बघायचे.
ते नदीचे; तलाव त्यांना कधी पटलाच नाही.
"शिट्टी वाजली की तोंड उघडतो
तो मासा कसला, ती तर कोंबडी."
घरी कालवण असलं तरी
न्शिमा नुसती मिठाशी खायचे.

एकदा हामुसोंडेच्या होडीतून नेलं त्यांना.
चौथ्या पिंजऱ्याशी हात वर केला : थांब.
वाकून पाण्याचा वास घेतला, मग बोट खाली करून
सांगत गेले, अंगणात उभं राहून सांगावं तसं,
इथं गुरं बांधायचो. तिथं चिंचेखाली आई पुरलेली.
धरणाचं पाणी आलं तेव्हा मी नऊ वर्षांचा.
ट्रकमध्ये आधी कोंबड्या चढवल्या, मग आम्हाला.
मी नुकताच नांगर टाकला होता.
गुपचूप वर ओढून घेतला.
कशात रुतला होता कुणास ठाऊक.

जूनमध्ये एका रात्री थंड वारा सुटला
आणि तळाचं पाणी वर आलं, नासक्या अंड्यांच्या वासाचं.
मासे हवेसाठी वर आले.
हजारो तोंडं, आणि आवाज एकही नाही.
हवा सोडणारा पंप होता; वीज नव्हती.
या विजेसाठी गाव बुडवलं,
आता तलाव आटला म्हणून तीच वीज चौदा तास बंद.
आम्ही वल्ह्यांनी, परातींनी, हातांनी
पाणी ढवळत राहिलो.
म्हातारा कधी होडीत चढला कळलं नाही.
चौथ्यावर उभा राहून वल्हं आपटत होता,
शिव्या देत होता,
माशांना की पाण्याला, ते समजलं नाही.

उजाडल्यावर मोजले. एक हजार एकशे बेचाळीस.
सगळ्यांत जास्त चौथ्यातलेच.

खड्डा बुजवून झाल्यावर रजिस्टर उघडलं.
कारण : पाणी उलटलं.
"काय लिहिलंस?"
वाचून दाखवलं.
अक्षरओळख नाही, तरी बराच वेळ
त्या रकान्याकडे बघत राहिले.
"वर जागा आहे का?
आमच्या गावाचंही हेच लिही."

वर जागा नव्हती. वर मागच्या महिन्याचं खाद्य होतं,
अठ्ठावीस पोती, उधार.
मी समासात लिहिलं.
तारीख विचारली, ती त्यांना आठवेना.
म्हणाले, कोंबड्या अंड्यावर होत्या, एवढं लिही.