ए, मग दहा मिनिटं, मग बी

पाषाणला पहाटे आठ अंश.
कपडे वाळत घालायची खोली आता मळा आहे:
पांढऱ्या पाइपांच्या चार ओळी,
भोकाभोकात जाळीचा पेला, पेल्यात नारळाचा भुसा,
भुशात लेट्यूस, पालक, आणि एक बेझिल
जी थंडीवर रुसून कडेकडेनं काळी पडत चाललीय.
माती नाही.
माती नसलेल्याला मळा म्हणावं का
यावरूनही आमचं एकदा वाजलं होतं.

आता वाजत नाही.
तळेगावचा प्लॉट विकला तेव्हापासून
वैजू आणि मी एका गॅसवर दोन कुकर लावतो.
मळ्याची वाटणी तेवढी जमली नाही.
पंप एक, टाकी एक, चाळीस लिटरची.
म्हणून भिंतीला वही टांगली, दोऱ्याला पेन्सिल.
तिच्या अक्षरात: पीएच ६.४. जास्त आहे.
माझ्या: उतरवला. ५.९.
तिच्या: पाणी १४. मुळं गारठलीत.
माझ्या: बघते.

बघते म्हणजे औंधला, माशांच्या दुकानात.
रिझवाननं काचेची नळी काउंटरवर ठेवली,
"मासे कुठले आहेत, मावशी?"
मासे नाहीत, म्हटलं. मुळं आहेत.
तो हसला नाही. हीटर विसावर लावून दिला,
म्हणाला, पाण्याबाहेर चालू ठेवू नका, तडकतो.
परतीच्या रिक्षात
मी ती नळी शालीत गुंडाळून मांडीवर घेतली होती.

संध्याकाळी दिवे लागतात, जांभळे.
समोरच्या इमारतीतल्या बागव्यांनी वैजूला गाठून विचारलं,
तुमच्याकडे रोज रात्री असतं तरी काय?
सूर्य, म्हणाली ती.
हे मला बागव्यांकडून कळलं.
घरी आल्यावर हसू आलं, तर
नळ सोडून हसले.

खताच्या बाटल्या दोन. ए आणि बी.
घट्ट असताना एकमेकींत ओतायच्या नाहीत;
ओतल्या तर तळाशी पांढरं दही बसतं,
ते ना हिचं, ना तिचं, ना पानांच्या कामाचं.
आधी पाणी. मग ए. ढवळायचं.
दहा मिनिटं थांबायचं. मग बी.
ए मी ओतते.
मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसते
आणि ऐकते, तिच्या सपाता
फरशीवरून त्या खोलीकडे घासत जाताना.

गुरुवारी वीज जाते, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही.
पण त्या गुरुवारी नऊला गेली ती पाच वाजले तरी येईना.
पाइपांतला पाण्याचा पापुद्रा आटला,
मुळं भिजल्या सुतासारखी पाइपाला चिकटली.
मी तांब्या घेतला.
टाकीतून उपसायचं, वरच्या तोंडाशी ओतायचं,
चार ओळी फिरून पाणी टाकीत, पुन्हा तांब्या.
पाणी असं गार की बोटं कुणा दुसऱ्याची वाटू लागली.
तिसाव्या तांब्याला खांदा भरून आला.

वैजू दारात होती. केव्हापासून, माहीत नाही.
तिनं फक्त हात पुढे केला.
मी तांब्या दिला.
वीस तिचे, वीस माझे. अंधारून आलेलं,
म्हणून मोजायचं मोठ्यानं.
"एकोणीस," ती म्हणाली.
"अठरा," मी म्हटलं.
बरोबर तीच होती.
प्लॉटच्या बाबतीतही असेल, कुणास ठाऊक.
सव्वासहाला पंप खोकला, गुरगुरला, चालू झाला.
तिच्या केसांवर एकदम जांभळा उजेड
आणि बाहीतून कोपरापर्यंत ओघळलेलं पाणी.

रात्री भाकरीवर ठेचा, ठेच्यावर लेट्यूसचं पान,
हे कुठल्याही पुस्तकात नसावं.
"कडू नाही," ती म्हणाली. मला की पानाला,
ते मी विचारलं नाही.

सकाळी वहीत तिचं अक्षर:
बेझिल गेली. फेब्रुवारीत परत लावू.
'लावू'च्या उकाराकडे मी जरा वेळ बघत राहिले.
मग खाली लिहिलं:
पीएच ६.०. पाणी १९.