याला झोपवू नका

खोक्यावर सगळं छापलेलं असतं:
रॅम किती, पोर्ट किती, वजन किती,
भिंतीला ठोकायचे चार स्क्रूसुद्धा मोजून.
आतली वायफायची चिप कुणाची, तेवढं नसतं.
होलसेलवाल्याला फोन लावला तर म्हणतो,
मॅडम, वायफाय म्हणजे वायफाय.

सेलूला, बसस्टँडच्या मागं, टायरवाल्याच्या माडीवर
माझं दुकान. एक टेबल, एक मल्टिमीटर
आणि व्होल्टेज पडलं की कण्हणारा स्टॅबिलायझर.
वालूरच्या शाळेला बारा छोटे कॉम्प्युटर द्यायचेत,
जेवणाच्या डब्याएवढे, स्क्रीनच्या पाठीला चिकटणारे,
लिनक्स आधीच घातलेलं, मराठी कीबोर्डसकट.
खिरडकर बाईंनी बटण दाबलं की
समोर थेट मुळाक्षरं यावीत,
मधे कुणाला लायसन मागायला लागू नये.

मार्चमध्ये एक नमुना मागवला.
काय गुणी निघाला!
वायफाय, आवाज, ऑफिसातला खडखड्या प्रिंटर,
सगळ्यांना न सांगता ओळखलं त्यानं.
त्याच रात्री अकरा मागवले,
तोच नंबर, तेच हिरवं खोकं.

अकरातले सात मुके आले.
ड्रायव्हर हाका मारतोय, आतून ओ नाही.
भिंग लावून बघितलं:
बोर्ड तोच, भोकं तीच, स्क्रू तेच,
चिप मात्र दुसऱ्याच घरची,
आणि तिच्या घरचे आमच्याशी बोलत नाहीत.

डबा द्यायला आई जिना चढून आली.
"काय करायलीस?"
सांगितलं.
"पिशवी तीच, बी दुसरं," ती म्हणाली, "हे तर दरसाली हाय.
एक दाणा उगवला म्हणून तू अख्खी बॅग घेतलीस व्हय?"

आई मे संपता संपता शंभर दाणे मोजते,
ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडते,
वळकटी करून माठाच्या बुडाशी ठेवते.
सहाव्या दिवशी उलगडते, नखानं एकेक कोंब मोजते.
सत्तरच्या खाली गेलं तर
लेबलावर काय छापलंय ते तिला वाचून दाखवायचं नाही.

मग मीही सतरंजी अंथरली.
अकराही डबे ओळीनं मांडले,
एकेकाच्या कानात पेनड्राइव्ह घातला,
दोनशेपानी वहीत रकाने आखले:
उगवला. नाही उगवला. उशिरा उगवला.
(एकाचा आवाज फक्त डाव्या बाजूनं येत होता.
त्याला रकाना सापडला नाही.)

परभणीला अफजलभाईंच्या भंगारात
मेलेल्या लॅपटॉपांची चळत, छातीएवढी.
पोटं उघडून जुनी कार्डं काढत बसले,
काडेपेटीहून लहान, पण जुन्या वळणाची, बोलणारी.
अफजलभाई चहा घेऊन आले.
"मरे सो का कलेजा जिंदे को लगाते क्या, बेटी?"
हो म्हणाले. त्यांनी नगाला नव्वद लावले.

सहा मिळाली. सातव्याला वायर दिली,
चाळीस फूट, खिडकीतून ऑफिसापर्यंत.

आणि शेवटच्या रात्री, सगळं बांधायच्या आधी,
उगाच, नमुन्याला झोपवून बघितलं.
स्क्रीन काळी झाली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
माउस हलवला, कीबोर्ड आपटला,
आतला हिरवा दिवा शांतपणे मिणमिणत राहिला.
मार्चपासून मी त्याचे गुण गात होते
आणि एकदाही त्याला झोपू दिलं नव्हतं.

वहीचं पान फाडलं, पट्टी कापली,
सेलोटेपनं त्याच्या कपाळावर लावली:
याला झोपवू नका.

वालूरला बाईंनी पट्टी वाचली, चष्मा वर केला.
"मग रात्री काय करायचं याचं?"
रात्री सरळ बंद करा, मी म्हटलं.
बंद केला तर सकाळी उठतो.
नुसता डोळा लागला, तर नाही.