खटका

साठ पिना. एकेकीचं मागणं थोडंच,
दीड न्यूटन, एवढंसं.
पण साठही एकदम दारात उभ्या राहिल्या
की नव्वद होतात,
आणि ते नव्वद पेलतो
सिउदाद हुआरेसमधल्या ओतिलिया बार्रागानचा
उजवा अंगठा.
पाळीला सहाशे वेळा.

ल्यूडेनशाइडमध्ये हे कळत नाही.
इथे बलमापक खाली उतरतो,
पडद्यावर एक डोंगर चढतो, उतरतो,
आणि संध्याकाळी त्याला
गार नळाखाली हात धरावा लागत नाही.

तिचा अंगठा पाहिला :
बुडाशी पट्टी, नख एका अंगाला दबलेलं.
"दुखतो?" मी दुभाष्याकरवी विचारलं.
तिने पुढची केबल ओढली.

परत येऊन पिना कापल्या.
वीस लांब, वीस मध्यम, वीस आखूड;
आधी थोरल्या आत जातील, मग मधल्या,
धाकट्या सगळ्यांत शेवटी.
टोकं गोल केली. आतल्या स्प्रिंगला
मिलिमीटरभर लांबी दिली,
अडण्याआधी वाकावी म्हणून.
सैल ठेवूनही भागत नाही :
इंजिन थरथरतं, सैल स्पर्श
कणाकणाने झिजतो, काळा पडतो,
आणि एखाद्या जानेवारीत
आल्प्सच्या घाटात कुणाचे तरी दिवे जातात.
धरायचं घट्ट, शिरायचं हलकं.
या एका वाक्यापायी अकरा महिने गेले.

अडतीस न्यूटन!
नमुने मी स्वतः घेऊन गेले, हातातल्या बॅगेत.
ओतिलियाने पहिला लावला.
काजात बटण जावं तसा गेला.
तिने तो काढला,
पुन्हा लावला, आणि वरून
तळव्याचा एक सणसणीत ठोसा दिला.
पुढच्यालाही. त्याच्या पुढच्यालाही.

दुभाषा म्हणाला, "ती म्हणते,
लागला की नाही ते समजत नाही.
नाही लागला, तर पैसे तिचे कापतात."

माझ्या आलेखात खटकण्याजोगं
काहीच उरलं नव्हतं.
तिला तेच खटकलं.

विमानात, कागदी रुमालावर,
अडकणीच्या अगदी टोकाला
एक उंचवटा काढला, अर्ध्या मोहरीएवढा.
आवाजासाठी नव्हे, त्या यंत्रांपुढे
कुणाला काय ऐकू येणार.
अंगठ्याला कळेल, इतकाच.

त्याने चार न्यूटन वाढतात.
वाढू देत.