वादी स्वतः

डिचोलीच्या कोर्टात पुकारा होतो तेव्हा
शिपाई माझं नाव घेतो आणि क्षणभर थांबतो.
नावामागून वकिलाचं नाव यायला हवं, ते येत नाही.
मग आवाज उतरवून म्हणतो, "पार्टी इन पर्सन,"
घरातल्या आजाऱ्याबद्दल पाहुण्यांना सांगावं तसं.

टेबलापाशी खुर्च्या आहेत.
मी बसले तर कोणी उठवत नाही,
फक्त आजूबाजूच्या बॅगा सरकतात.
म्हणून उभीच राहते, फाईल पोटाशी धरून.
फाईल म्हणजे ब्लाऊजपीसची जुनी पिशवी,
आत परकराच्या नाडीने बांधलेले कागद.

भांडण साधं आहे. विहिरीकडची वाट.
रोहिदासने कंबरेएवढे चिरे रचले
आणि मी कळशी घेऊन परक्याच्या कुळागरातून वळसा घालते,
तिथल्या कुत्र्याला नावाने हाका मारत.
वाट मी शिवणाच्या टेपने मोजली होती.
छप्पन इंच. दाव्यात तेच लिहिलं.
"तुम्ही सर्व्हेअर आहात का?" ब्रागांझा वकिलांनी विचारलं.
नाही, टेलर.
मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.
न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं, तेव्हा थांबलं.

बाई तरुण आहेत, वाईट नाहीत.
पहिल्या तारखेला म्हणाल्या, वकील करा.
दुसऱ्या तारखेला, फुकट मिळतो, अर्ज द्या.
दिला. मिळालाही. तो दोनदा आला
आणि दोन्ही वेळा विचारलं, विहीर कोणाची?
विहिरीचं भांडणच नाही हो.
तेव्हापासून मीच.

तीन वर्षांत एवढं कळलं
की हरकत मोठ्याने घ्यावी लागते, नुसती वाटून उपयोग नाही,
की रडू आलं तर ते रोजनाम्यात चढत नाही.
आजोबांचा दस्त पोर्तुगीजमध्ये.
त्यातला एकच शब्द मला येतो, कामिन्यु, वाट,
शाई जरा फुटलेली, पण वाचता येतो.
तो कोर्टालाही यावा म्हणून
पणजीच्या एका माणसाकडे
चतुर्थीची सगळी शिलाई देऊन आले.

मग साक्षीची तारीख.
"वादीचा साक्षीदार?"
मीच.
"सरतपास कोण घेणार?"
मीच.
टायपिस्टची बोटं हवेत राहिली.
बाईंनी पेन ठेवलं, पुन्हा उचललं,
आणि मला टेबलापासून पिंजऱ्यात जायला सांगितलं.
पाच पावलं. मोजली. सवय.

तिथे शपथ दिली, खरं सांगेन म्हणून.
आणि काय झालं कोण जाणे,
सगळे ऐकायला लागले.
मी नवं काहीच बोलले नाही.
छप्पन इंच, चिरे, कळशी, कुत्रा.
टेबलापाशी ह्यालाच
"मावशी, मुद्द्यावर या" म्हणत होते.
इथे बाई एकेक वाक्य सांगून टाईप करून घेत होत्या,
वर विचारत होत्या, बरोबर आहे ना?

टेबलापाशी कोणालाच शपथ देत नाहीत.
हे आधी ठाऊक असतं
तर पहिल्याच दिवशी येऊन पिंजऱ्यात उभी राहिले असते.

उलटतपास पुढच्या महिन्यात.
जिन्यात ब्रागांझांनी गाठलं, इकडेतिकडे बघत.
कोटाच्या उजव्या बाहीचं अस्तर सुटलेलं,
मी पावसाळ्यापासून बघते आहे,
ते युक्तिवादाला हात उचलत
आणि माझं लक्ष तिथेच जाई.
"दोन टाके मारून दितली, बाये?"
निकाल लागला की आणा, मी म्हटलं.
ते हसले. तोवर कोट राहील का?
राहील.
बाहीला हात लावून पाहिलं.
कापड चांगलं आहे.
आतून सुटलंय फक्त.